घरचा शिंपला

मंडळी, आधी मला एक सांगा. भरवसा कुणावर टाकावा? कधीच ‘नाही’ न म्हणणाऱ्यावर, की अधूनमधून तोंडावर ‘नाही’ म्हणणाऱ्यावर?

उत्तराची घाई नको. लहानांनी विचार करा, थोरांनीही करा. आमच्या बाजारात दोन गाडीवान होते. पहिला कुणाचंच मन मोडायचा नाही. कुणी गुळाच्या ढेपी आणा, कुणी मिठाची पोती आणा, हा म्हणायचा, “टाका दादा, गाडी आपलीच आहे!” दुसरा आधी बैलांच्या मानेकडे बघायचा, मग चाकाच्या आसाकडे बघायचा आणि म्हणायचा, “आज एवढंच. बाकीचं उद्या.” साहजिकच गिऱ्हाईक सगळं पहिल्याकडे. मग एक दिवस ऐन नदीच्या पात्रात त्याचा आस मोडला आणि गावभरचा गूळ पाण्यात गेला. माशांची दिवाळी झाली, व्यापाऱ्यांचा शिमगा झाला.

पण गाडीवानाचं असू दे. मला सांगायची आहे ती एका गवळणीची गोष्ट, आणि ती याहून कितीतरी जुनी आहे.

फार फार मागं, बाजारात नाणं यायच्याही आधी, लोक मिठाला धान्य आणि धान्याला दूध देत होते तेव्हा, एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात बकुळा नावाची गवळण राहायची. तिचं दही असं लागायचं, की मडकं उलटं धरलं तरी थेंब खाली पडत नसे. पाहुण्यांसमोर ती मडकं खरंच उलटं करून दाखवायची. पाहुणे दचकून मागं सरकायचे आणि बकुळा खळखळून हसायची.

दह्याचं मूळ विरजणात. ते तुम्हाला मी सांगायला नको. बकुळेचं विरजण तिच्या आजीपासून चालत आलेलं होतं. आज लागलेल्या दह्यातलं थोडं उद्यासाठी ठेवायचं, उद्याच्यातलं परवासाठी. आजीनं तिला दोन नेम घालून दिले होते. पहिला, मडक्यातलं दही मोडलं की आधी शिंपलाभर विरजण, म्हणजे घरचा शिंपला, बाजूला काढायचा, मग जगाला वाटायचं. दुसरा, दिवेलागण झाली की विरजण कुणाला द्यायचं नाही.

बकुळेनं दोन्ही नेम मोडले होते. लोभानं नाही हो, भिडेनं. दारात आलेल्या माणसाचा चेहरा उतरलेला तिला बघवत नसे. सोनारीण यायची, तेलीण यायची, शिंप्याची म्हातारी यायची. “बकुळे, शिंपलाभर विरजण दे गं.” ही द्यायची. पहाटे द्यायची, भरदुपारी द्यायची, दिवे लागल्यावरही द्यायची. हळूहळू झालं काय, की गावातल्या एकाही घरात विरजण राखायची रीत उरली नाही. दही संपेपर्यंत ओरपायचं, मडकं बोटानं पुसून चाटायचं आणि म्हणायचं, “बकुळा आहे की!”

आणि लोक तिला म्हणायचे, “बाई नव्हे, अन्नपूर्णा आहे!” ते ऐकलं की बकुळेची कळी खुलायची. मी धंद्यातला माणूस, माझ्या नजरेतून हे सुटत नाही. फुकट देणारासुद्धा काहीतरी घेत असतो. बकुळा वाहवा घेत होती.

आता तिच्या मनातली गोष्ट सांगतो. बकुळेला जीव की प्राण एकच गोष्ट होती, ती म्हणजे फुगडी. माहेरी असताना तिची आणि तिची मैत्रीण ठकू हिची जोडी पंचक्रोशीत गाजलेली. त्या दोघी फिरायला लागल्या की बघणाऱ्यालाच घेरी यायची. पुढं ठकू घाटापलीकडच्या गावात एका कुंभाराच्या घरी पडली, बकुळा घाटाखाली गवळ्याच्या घरी आली. घाटापलीकडं चैत्रात देवीची जत्रा भरायची आणि त्या जत्रेत बायकांच्या फुगड्या रंगायच्या. दर वर्षी ठकू गाढवं हाकणाऱ्या कुणाबरोबर तरी निरोप धाडायची, “बकू, येतेस ना?” दर वर्षी बकुळा लुगडं काढून ठेवायची, वेणीत फूल माळायची. आणि दर वर्षी कुणीतरी दारात यायचं. कुणाचे पाहुणे, कुणाचं बाळंतपण, कुणाचा नवस. लुगडं पुन्हा घडी होऊन पेटीत जायचं.

तिचा नवरा गवळी, बोलायला मोठा मिस्कील. तो म्हणायचा, “अगं, जा की! तू नसलीस तर गाव काय उपाशी राहणार आहे?”

“तुमचं आपलं काहीतरीच. मी गेले आणि कुणाचं अडलं तर लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतील, अडलं. मग कुणीतरी सोडवील.”

“मला नाही बाई जमायचं.”

“तुला सगळं जमतं. एक ‘नाही’ तेवढं जमत नाही.”

त्या वर्षी मात्र ठकूचा निरोप निराळा आला. गाढववाला म्हणाला, “वहिनी, कुंभारीण बाई सांगून ऱ्हायल्या, की त्यांच्या गावची माती आता चाकावर धरंना. जत्रा झाली की सगळी कुंभारवाडी दूर समुद्राकडं निघाली. औंदा आला नाहीत तर पुढची फुगडी देवाच्या अंगणात.”

बकुळा उठली, पेटी उघडली, लुगडं काढलं आणि नवऱ्याला म्हणाली, “उद्या पहाटे मी निघणार. कुणी का येईना.”

“बघू हं,” गवळी म्हणाला. “अजून संध्याकाळ व्हायची आहे.”

आणि संध्याकाळ झालीच. दिवा लागला, आणि दारात पाटलीण उभी.

त्याचं असं होतं. पाटलाच्या लेकीला बघायला परवा दुपारी वरच्या मुलखातून सोयरे येणार होते. बकुळेच्या गावात मुलीची सोयरीक म्हणजे सगळ्या गावाचं कार्य. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी घरोघरचं दूध पाटलाच्या घरी जायचं आणि एकाच मोठ्या डेऱ्यात दही लागायचं. ते दही म्हणजे गावाची अब्रू. पण पाटलीण बाई उतावळ्या. त्यांनी उद्याचं काम आजच काढलं होतं. गावातलं दूध एव्हाना त्यांच्या चुलीवर होतं, आणि घरोघरचं दही दुपारीच खाऊन झालं होतं.

“बकुळे, विरजण दे गं,” पाटलीण म्हणाली.

बकुळेनं शिंपला भरला.

“शिंपल्यानं काय होतंय? डेरा माझ्या कमरेएवढा आहे. मडकंच दे.”

“पाटलीणबाई, मडक्यात तेवढंच आहे. पण सगळं दिलं तर घरात...”

“अगो बाई! आज पहिल्यांदा तुझ्या तोंडून ‘पण’ ऐकते आहे. माझ्या पोरीच्या सोयरिकीलाच का गं? आम्ही तर तुला अन्नपूर्णा म्हणतो.”

झालं. तो एक शब्द पुरला. बकुळेनं मडकं उचलून दिलं. गवळी गोठ्याच्या दारातून बघत होता. तो म्हशीला म्हणाला, “तुझं बरं आहे बाई. तू निदान रेडकाला ठेवून मग धार देतेस.”

तिकडं पाटलिणीनं काय केलं? फुकट मिळालेल्या वस्तूला माणूस हळू हातानं वागवत नाही. चुलीवरून उतरवलेलं वाफाळतं दूध तिनं तसंच डेऱ्यात ओतलं आणि वरून मडकंभर विरजण उपडं केलं. म्हणाली, “लागेल सकाळपर्यंत.”

सकाळी डेऱ्यात वर हिरवट पाणी आणि खाली चोथा.

बकुळा लुगडं नेसून, डोक्यात फूल माळून उंबऱ्यावर पाऊल ठेवते तोच सगळा गाव दारात. पुढं पाटलीण, डोळे लाल.

“बकुळे, घात झाला! दूध नासलं. विरजण दे.”

“काल मडकं नेलंत की.”

“म्हणून काय सगळं द्यायचं? थोडं राखून ठेवायला नको?”

सोनारीण म्हणाली, “एवढी जुनी बाई तू, तुला कळू नये?” तेलीण म्हणाली, “आता आम्ही कुणाच्या तोंडाकडं बघायचं?” कालची अन्नपूर्णा एका रात्रीत निष्काळजी गवळण झाली. मंडळी, वाहवेचा भाव असाच असतो. चढतो सावकाश, उतरतो फटकन.

मग सुरू झाले सल्ले. कुणी म्हणालं, लिंबू पिळा. शिंप्याची म्हातारी म्हणाली, “लिंबानं फाटतं गं, लागत नाही.” कुणी म्हणालं, मिरचीचे देठ टाका. म्हातारी म्हणाली, “देठांनी लागतं. पण पहिलं दही तार सुटणारं, बुळबुळीत. चांगलं व्हायला तीन वेळा लावावं लागतं. तोवर सोयरे दुसऱ्या गावची सून करून घेतील.” पाटलाची लेक दाराआड उभी राहून हे सगळं ऐकत होती. जत्रेत बघितलेला नवरामुलगा तिला मनातून पसंत होता.

बकुळेनं फुलाला हात घातला. काढणारच होती. तेवढ्यात गवळी पुढं आला.

“विरजण हवंय ना? ते हिच्या घरात बसून उगवणार आहे का? घाटापलीकडं मिळेल. जायचं कुणी?”

सोनाराला कंबर आठवली. तेल्याला घाणा आठवला.

“मी जाते,” बकुळा म्हणाली.

आणि काय गंमत बघा! आत्तापर्यंत जो गाव तिची वाट अडवून उभा होता, तोच आता वाट करून द्यायला लागला. “जा, जा, लवकर जा! पाणी घेतलंस का? चप्पल नीट आहे ना?” इतकी वर्षं स्वतःसाठी जी वाट तिला सापडली नाही, ती लोकांच्या कामासाठी क्षणात सापडली.

दुपारी ती घाट ओलांडून ठकूच्या दारात पोचली. ठकूनं तिला बघितलं, हातातलं मडकं तसंच टाकलं आणि धावत येऊन मिठी मारली. मडक्याच्या खापऱ्या झाल्या. “होऊ देत,” ठकू म्हणाली, “कुंभाराच्या घरात मडक्याला काय तोटा!” दोघी हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या.

मग बकुळेनं सगळी हकिकत सांगितली. ठकू ऐकत गेली आणि शेवटी हळूच म्हणाली, “बकू, एक विचारू? तू माझ्यासाठी आलीस, का विरजणासाठी?”

बकुळा खाली वाकून फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्या वेचायला लागली.

ठकूनं फडताळातून मडकं काढलं. दही पांढरंशुभ्र, घट्ट. तिनं आधी एक शिंपला काढून वेगळ्या वाटीत झाकून ठेवला आणि उरलेलं बकुळेपुढं सरकवलं. “हे तुझं. वाटीतलं माझं. समुद्राकडं न्यायचं आहे.”

“सगळं दे ना गं. गाव मोठं आहे.”

“नाही,” ठकू म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता, कपाळाला आठीही नव्हती. जणू कुणी ‘आज मंगळवार आहे’ म्हणावं, तसं म्हणाली. बकुळेला नवल वाटलं. नाही म्हटलं तरी आभाळ कोसळलं नव्हतं, आणि ठकू तिला पहिल्याइतकीच आवडत होती.

पण खरी अडचण पुढंच होती. दही रात्रीतून लागायचं तर विरजण दिवस मावळताना गावात हवं. म्हणजे आत्ता निघायला हवं. आणि फुगड्या तर ऊन उतरल्यावर सुरू व्हायच्या. देवळाकडून ताशा वाजायला लागला होता.

बकुळा उठली, बसली, पुन्हा उठली. “ठके, मी जाते. पोरीची सोयरीक आहे.”

“जा,” ठकू म्हणाली. “पण मला सांग, विरजण तुझ्याच हातून गेलं तर लागतं का? दुसऱ्याच्या हातून गेलं तर रुसतं?”

त्याच वेळी रस्त्यानं त्यांच्याच गावचा शिंपी चालला होता. जत्रेत झबली-टोपडी विकून तो परत निघाला होता. बकुळा त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या मनात दोन बायका भांडत होत्या. एक म्हणत होती, ‘तुझ्याशिवाय त्यांना जमणार नाही.’ दुसरी म्हणत होती, ‘तू कधी जमू दिलंस?’

अखेर तिनं हाक मारली. “शिंपीदादा, एवढं मडकं पाटलाच्या घरी पोचवाल का?”

“पोचवतो की. तू येत नाहीस?”

बकुळेनं मडकं त्याच्या हातात दिलं. मग ती म्हणालीच, “नाही. मी दोन दिवसांनी येईन. त्यांना सांगा, दूध कोमट करा. करंगळी बुडवून सोसवेल इतकंच. आणि सकाळी डेऱ्यातलं दही मोडलं की आधी एक शिंपला बाजूला काढा. मग पाहुण्यांना वाढा.”

शिंपी गेला. देवळापुढच्या पटांगणात बायका जमल्या. बकुळा आणि ठकू यांनी हाताला हात घातले आणि पाय जुळवले. पण बकुळेचं लक्ष घाटाखाली. तिनं अंग सैल सोडलं, सगळा भार ठकूवर टाकला आणि दोन फेऱ्यांत दोघी धपकन जमिनीवर! बायका टाळ्या पिटून हसल्या. एक म्हातारी ओरडली, “म्हशी पाण्यात बसल्या गं!”

ठकू धूळ झटकत म्हणाली, “विसरलीस का बकू? फुगडीत आपला तोल आपण धरायचा असतो. मी मागं झुकते, तूही मागं झुक. हात माझ्याकडं दे, तोल तुझ्याकडं ठेव. सगळंच माझ्यावर टाकलंस तर तूही पडशील आणि मलाही पाडशील.”

बकुळा उभी राहिली. तिनं पदर खोचला, टाचा जमिनीत रोवल्या, पाठ मागं टाकली. आणि मग जी फुगडी रंगली! वेणीतलं फूल कुठल्या कुठं उडालं, ताशेवाला वाजवायचं विसरला, आणि ती मघाची म्हातारी सुपारी कातरायची थांबली. दोघी थांबल्या तेव्हा पटांगण फिरत होतं आणि त्या एकमेकींना धरून हसत होत्या.

आता खाली गावात काय चाललं होतं, ते ऐका. मडकं आलं, बकुळा आली नाही, हे कळल्यावर पाटलिणीनं कपाळावर हात मारला. “आता विरजण लावायचं कुणी?” कालचं दूध तिच्याच हातून नासलेलं. सोनारीण पुढं होईना, तेलीण होईना. तेव्हा पाटलाची लेक दाराआडून बाहेर आली.

“आई, तू जरा लांब हो. मी लावते.”

संध्याकाळच्या धारेचं ताजं दूध तिनं तापवलं, निववलं, करंगळी बुडवून बघितली. थोडं थांबली, पुन्हा बघितली. मग विरजण हलक्या हातानं ढवळलं आणि डेऱ्याला कांबळं गुंडाळलं. पहाटे झाकण उघडलं तर दही लागलं होतं. बकुळेच्या दह्याइतकं घट्ट नव्हतं. उलटं करून दाखवायची छाती कुणी केली नाही. पण गोड होतं, सायीचं होतं. पोरीनं आधी एक शिंपला काढून ठेवला, मग पंगत बसली.

सोयऱ्यांकडची म्हातारी भुरका मारून म्हणाली, “दही कुणी लावलं गं?”

पाटलीण सवयीनं म्हणणार होती, ‘आमच्या बकुळेनं.’ पण लेक मान वर करून म्हणाली, “मी लावलं.”

म्हातारीनं तिच्याकडं बघितलं, मग वाटीकडं बघितलं आणि वाटी पुढं केली. “आणखी वाढ.” सोयरीक तिथंच पक्की झाली.

दोन दिवसांनी बकुळा परत आली. संध्याकाळी ओट्यावर बसली. दिवा लागला. सोनारीण आली नाही, तेलीण आली नाही. बकुळा रस्त्याकडं बघत राहिली.

गवळी म्हणाला, “काय गं, चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय?”

“हो,” बकुळा म्हणाली. “थोडं वाईट वाटतंय.” मग हसून म्हणाली, “आणि पाठ टेकायला बरंही वाटतंय.”

पुढं त्या गावाची रीतच बदलली. घरोघरी दही मोडलं की आधी घरचा शिंपला निघायला लागला. कुणाचं खरंच अडलं तर बकुळेचं दार होतंच, पण दिवसाउजेडी, आणि शिंपल्यानं, मडक्यानं नाही. ‘अन्नपूर्णा’ असं तिला पूर्वीइतकं कुणी म्हणेना. चैत्र आला की मात्र बायका तिच्या अंगणात यायच्या, कारण तिनं आता गावातल्या पोरींना फुगडी शिकवायला घेतली होती. पाटलाची लेक सासरी गेली तेव्हा तिच्या ओटीत नारळाबरोबर विरजणाची एक लहानशी वाटी होती.

बोध असा: स्वतःला संपवून दिलेलं दान एक दिवस पुरतं, स्वतःला राखून दिलेलं दान पिढ्यांना पुरतं.

आणि माझी एवढी विनंती ऐका. तुम्ही लहान असा, थोर असा, मनातल्या मनात आपला हिशेब मांडतच असता. दुसऱ्याला किती दिलं, ते लिहा. स्वतःसाठी किती राखलं, तेही न लाजता लिहा. आणि देताना वाहवा म्हणून किती घेतलं, ते तर अजिबात लपवू नका. हिशेब तेवढा सचोटीनं ठेवा, बाबांनो.